प्रेक्षक पुढे, चित्रपट मागे

प्रश्न: मी चित्रपट आणि मालिका भरपूर बघतो, पण माझी मतं जाणकारांशी जुळत नाहीत. जगातला सर्वोत्तम म्हणून निवडलेला 'झान दीलमान' मी तासाभरात बंद केला. 'सेव्हन समुराई' साडेतीन तासांचा असूनही लांब वाटला नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवटचा सीझन उरकल्यासारखा वाटला, आणि त्यातली रात्रीची लढाई तर दिसलीच नाही. 'ब्रेकिंग बॅड'मधला माशीचा भाग म्हणजे निव्वळ भरताड. 'सैराट'चा उत्तरार्ध संथ. 'द सोप्रानोज' आणि 'कोर्ट' यांचे शेवट अर्धवट. '१९१७'मध्ये कटच नाही, मग त्याला संकलन म्हणायचं की नाही? 'फ्रेंड्स'मधला हशा काढला की विनोद पडतात हे खरं का? हल्ली बरंचसं मी दीडपट वेगानं बघतो. माझी आवड कच्ची आहे का?

उत्तर:

संकलनाच्या टेबलावर मला बावीस वर्षं झाली. आवड कच्ची असलेला प्रेक्षक मला अजून भेटलेला नाही. आपल्याला नेमकं कुठं खुपलं हे सांगता न येणारे मात्र रग्गड भेटले, त्यात काही निर्मातेही आले. तुम्ही तर नावानिशी यादीच दिली आहे, त्यामुळे माझं काम सोपं झालं. एक मात्र आधीच सांगतो, पुढं बहुतेक सगळ्यांचे शेवट फोडले आहेत. ज्यांना ते नको असतील त्यांनी इथूनच मागं फिरावं.

यादीतली निम्मी तक्रार 'संथ', 'लांब', 'भरताड' या शब्दांत आहे. म्हणून आधी माझीच एक फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक कौटुंबिक चित्रपट माझ्याकडे होता. त्यात बाप मुलाचं पत्र वाचतो असा एक प्रसंग होता, दोन मिनिटं वीस सेकंदांचा. रफ कट, म्हणजे संकलनाचा कच्चा खर्डा, पंधराएक जणांना दाखवला. मी नेहमीसारखा शेवटच्या रांगेमागं भिंतीला टेकून उभा. पडदा मला पाठ असतो, मी डोकी बघतो. पत्र सुरू झालं आणि चाळीसाव्या सेकंदाला खोकले सुरू. खुर्च्या करकरल्या, एकानं मनगट वळवून घड्याळ पाहिलं. दिग्दर्शक म्हणाला, लांबलंय, काप. मी दीड मिनिटावर आणलं. पुढच्या वेळी तेच. मग पन्नास सेकंदांवर आणलं. खोकले तसेच, वर बाप आता उथळ आणि रडका वाटायला लागला. आठवडाभर डोकं खाजवल्यावर उलगडलं की दोष पत्रात नव्हताच. त्याच्या सहा मिनिटं आधी बहिणीचा एक फोन होता आणि मुलगा आता परत येणार नाही हे ती त्यात सांगून बसली होती. बापानं पाकीट फोडायच्या आधी प्रेक्षकानं पत्र वाचलेलं होतं. फोन काढला. पत्र पुन्हा पूर्ण लांबीचं केलं, वर बाप चष्मा पुसतो त्याचे तीन सेकंद वाढवले. कुणी खोकलं नाही.

तेव्हापासून कुणी 'संथ आहे' म्हणालं की मी विचारतो, त्या क्षणी तुम्ही चित्रपटाच्या पुढं निघून गेला होतात का? प्रेक्षक पुढं गेला की तो वाट बघत बसतो आणि त्याला कंटाळा येतो. चित्रपट पुढं पळाला की प्रेक्षकाची फरफट होते, मग तो म्हणतो 'उरकलं'. शॉट किती सेकंदांचा आहे याच्याशी या दोन्हीचा संबंध लोकांना वाटतो त्याच्या निम्माही नाही.

'सेव्हन समुराई' घ्या. १९५४चा, २०७ मिनिटांचा. संकलन खुद्द कुरोसावांचं. पहिला तासभर तर गावाला दरोडेखोरांपासून वाचवायला सात माणसं जमवण्यातच जातो. तरी तुम्हाला लांब वाटला नाही, कारण तुमच्या हातात सतत एक हिशेब आहे. आधी किती सामुराई मिळाले, किती बाकी आहेत. पुढं लढाई सुरू झाली की सामुराईंचा म्होरक्या काम्बेई कागदावर दरोडेखोरांची वर्तुळं काढतो आणि एकेक मेला की त्यावर काट मारतो. चिखल, पाऊस, घोडे, धावपळ अशा त्या गदारोळातसुद्धा अजून किती उरलेत हे तुम्हाला माहीत असतं. पण ते कसे येतील, कुठून येतील आणि आपल्यातले किती जातील, हे माहीत नसतं. ही मोजणी दिसायला साधी, पण साडेतीन तासांचा डोलारा तिच्यावर उभा आहे. सिडनी लुमे यांचा १९५७चा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' तुमच्या यादीत नाही, पण तोही याच जातीचा. एक खोली, आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला बसलेली ज्युरीतली बारा माणसं, ९६ मिनिटं, आणि हातात मतांचा हिशेब. अकरा विरुद्ध एकपासून तो सुरू होतो. त्यातली एक गोष्ट मी नव्या मुलांना आवर्जून दाखवतो. सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या नजरेच्या वर असतो, मध्यावर नजरेच्या पातळीत येतो, शेवटच्या भागात नजरेच्या खाली जातो आणि खोलीचं छत दिसायला लागतं. लेन्सही क्रमानं लांब पल्ल्याच्या होत जातात, त्यामुळे भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात. प्रेक्षकाला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त उकडायला लागतं.

आता 'झान दीलमान'. शांताल आकरमन यांचा १९७५चा हा चित्रपट २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-नियतकालिकाच्या समीक्षक-मतदानात पहिला आला. दर दहा वर्षांनी होणाऱ्या या मतदानात स्त्री दिग्दर्शकाचा चित्रपट अव्वल येण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर जगभर लोकांनी तो लावला, आणि जगभर लोकांनी तो तासाभरात बंद केला असेल, त्यामुळे तुम्ही एकटे नाही. २०० मिनिटांहून थोडी जास्त लांबी, एका विधवेचे तीन दिवस, कॅमेरा हलतच नाही. ती भांडी घासते तर भांडी घासून संपेपर्यंत आपण तिची पाठ बघत राहतो.

पण तुम्ही तो बंद केलात ती वेळ बघा. पहिला तास हा प्रामुख्यानं पहिल्या दिवसाचा. त्या तासात चित्रपट तुम्हाला तिचं वेळापत्रक शिकवत असतो. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायचा, अमुक भांडं तमुक जागी, पैसे सूपच्या भांड्यात, झाकण लगेच वर. शिकवणी अर्थातच कंटाळवाणी असते. मग दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. एवढंच घडतं. ते कुठं टाकावेत हे तिला सुचत नाही, भांडं हातात धरून ती स्वयंपाकघरातून बाहेर येते आणि पुन्हा आत जाते. ज्यानं पहिला दिवस पूर्ण पाहिला आहे त्याच्या पोटात इथं खड्डा पडतो. पुढं कोटाचं एक बटण लावायचं राहून जातं. दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात ती कंटिन्यूइटीची, म्हणजे दोन शॉटमधला मेळ न राखल्याची, चूक म्हणून आम्ही तो शॉटच टाळला असता, इथं तो भूकंप आहे. तुम्ही शिकवणी पूर्ण करून परीक्षेच्या आधी उठलात. म्हणजे तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण तासभराची शिकवणी मागणं ही मोठी मागणी आहे आणि ती नाकारायचा प्रेक्षकाला पूर्ण अधिकार आहे. फक्त 'त्यात काही घडत नाही' हे मत मागं घ्या. आणि मतदानातला पहिला नंबर बघून हा चित्रपट लावणं ही सर्वांत वाईट सुरुवात. पहिल्या मिनिटापासून माणूस 'दाखव काय ते' अशा पवित्र्यात बसतो.

'सैराट'च्या बाबतीत मी अर्धा तुमच्या बाजूनं आहे. १७४ मिनिटांतला गाण्यांचा भर पूर्वार्धात आहे. तिथं स्लो मोशन आहे, वाद्यवृंद आहे, विहिरीतल्या उड्या आहेत. प्रेक्षकाच्या पायाला ठेका लागलेला असतो. मग आर्ची आणि परश्या पळून जातात आणि चित्रपट गाणं काढून घेतो. झोपडी, काम, पाणी, संशय, भांडण. आपला पाय अजून ठेका शोधत असतो आणि समोर कुणी वाजवत नसतं. त्याला आपण 'संथ' म्हणतो. ही उणीव नागराज मंजुळे यांनी जाणून ठेवलेली आहे, कारण शेवटच्या दृश्यात ते आवाजच बंद करतात. त्या दोघांचं लहान मूल रक्तात पाय भरवून बाहेर येतं आणि थिएटरात पंख्याचीसुद्धा घरघर ऐकू येते. पूर्वार्ध इतका वाजता नसता तर ही शांतता एवढी लागली नसती. माझी तक्रार निराळी आहे. दोघांमधल्या कुरबुरीचा मुद्दा पहिल्या एक-दोन प्रसंगांतच पोचतो, त्यानंतरच्या एखाद्या प्रसंगात आपण चित्रपटाच्या पुढं गेलेलो असतो. मी तिथं थोडं कापलं असतं. अर्थात दुसऱ्याच्या टाइमलाइनवर कापायला काय जातं.

'ब्रेकिंग बॅड'मधली माशी. तिसऱ्या सीझनचा दहावा भाग, २०१०. जवळजवळ पूर्ण भाग अमली पदार्थ बनवायच्या प्रयोगशाळेत, वॉल्टर आणि जेसी दोघंच, आणि एक माशी. पैसे वाचवायचे होते म्हणून एका जागेत भाग बेतला, हे त्या मालिकेच्या कर्त्यांनीच सांगितलेलं आहे, तेव्हा भरताडीचा तुमचा वास अगदीच खोटा नाही. पण भरताड आणि हे यांत फरक आहे. जेसीची प्रेयसी जेन हिच्या मृत्यूच्या वेळी वॉल्टर तिथं उभा होता आणि त्यानं काही केलं नाही, हे आपल्याला माहीत आहे. जेसीला नाही. गुंगीत बरळणारा वॉल्टर त्या विषयाच्या इतका जवळ जातो, आणि जेसी तेव्हा शिडीच्या टोकावर उभा. इथं आपण जेसीच्या पुढं आहोत, मालिकेच्या पुढं नाही. पात्रापेक्षा जास्त माहीत असलं की जीव टांगणीला लागतो, मालिकेपेक्षा जास्त माहीत असलं की जांभई येते. ही दोन पुढं जाणी वेगळी आहेत आणि नवे संकलक हमखास गल्लत करतात. मलाही माझ्या पत्राच्या प्रसंगात ती कळली नव्हती.

शेवट माहीत असला की रस संपतो असं मानणाऱ्यांना मी 'चेर्नोबिल'चे पाच भाग (२०१९) बघायला सांगतो. अणुभट्टी फुटणार हे कुणाला माहीत नाही? म्हणून मालिका स्फोट पहिल्याच भागात उरकते, तोही लांबून, एका घराच्या खिडकीतून. आधी उजेड, मग काही क्षणांनी हादरा. आणि 'कशी फुटली' हे मात्र पाचव्या भागातल्या न्यायालयापर्यंत हातचं राखते. तिथं शास्त्रज्ञ लेगासोव लाल आणि निळ्या पाट्या मांडून भट्टीचा तोल समजावतो. खरं तर तो भौतिकशास्त्राचा तास आहे, पण लोक श्वास रोखून बघतात, कारण चार भाग त्यांना हाच प्रश्न पडलेला आहे. एक नोंद ठेवा, त्यातली उलाना खोम्युक ही शास्त्रज्ञ काल्पनिक आहे, लेगासोवना मदत करणाऱ्या अनेक शास्त्रज्ञांना मिळून उभी केलेली. शेवटच्या पाटीवर मालिका ते स्वतःच सांगते.

'गेम ऑफ थ्रोन्स'बद्दल तुमचं मत शंभर टक्के बरोबर आहे आणि ते आकड्यांत दिसतं. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सात भागांचा, आठवा सहा. एखादा भाग ८२ मिनिटांचा झाला म्हणून ही भरपाई होत नाही. पहिल्या सीझनमध्ये उत्तरेहून राजधानीला जायचं तर त्या प्रवासात माणसं भांडायची, जखमी व्हायची, एकमेकांना ओळखायची. शेवटी शेवटी तोच पल्ला दोन दृश्यांच्या मधल्या कटमध्ये संपायला लागला. प्रवास कापला म्हणजे फक्त रस्ता कापला असं लेखकांना वाटतं. पण मालिकेत पात्राचं मन बदलतं ते याच फावल्या वेळात. सिंहासनावर हक्क सांगणारी डेनेरिस शहर जाळेल हे बीज आधीपासून पेरलेलं होतं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. शरणागतीच्या घंटा वाजल्यावर ती निर्णय घेते तो चेहरा आपण काही सेकंद बघतो, आणि त्या काही सेकंदांवर एका अख्ख्या सीझनचं ओझं टाकलेलं आहे. चेहरा तेवढं पेलत नाही. कुणाचाच पेलणार नाही. नटीचा त्यात दोष नाही, संकलकाचाही नाही. जे लिहिलंच नाही ते टेबलावर कुठून आणणार? सीझन नव्यानं काढा म्हणून दहा लाखांहून जास्त लोकांनी ऑनलाइन सह्या केल्या, तो प्रकार मला पोरकट वाटला, पण दुखणं खरं होतं.

रात्रीची लढाई दिसली नाही, ही मात्र निराळी गोष्ट आहे, कारण तिथं तुमचा टीव्हीही आरोपी आहे. छायाचित्रकार फेबियन वॅगनर यांनी घरच्या पडद्यांच्या सेटिंगकडे आणि कॉम्प्रेशनकडे बोट दाखवलं होतं. त्यात तथ्य आहे. प्रक्षेपणात चित्र दाबून पाठवलं जातं तेव्हा पहिला बळी अंधारातल्या बारकाव्यांचा जातो. काळ्याच्या दहा छटा असतात तिथं तीन उरतात आणि धुरात चौकोन आणि पट्टे दिसायला लागतात. त्यात खोलीत दिवा चालू असला की संपलंच. पण मी छायाचित्रकाराला अर्धीच सूट देतो. लोक घरीच बघणार आहेत हे ठाऊक असताना आपण काम फक्त महागड्या मॉनिटरवर तपासायचं आणि मग लोकांच्या टीव्हीला नावं ठेवायची, हे बरं नाही. आम्ही मिक्सिंग झाल्यावर आवाज एकदा साध्या छोट्या स्पीकरवर ऐकतो, तसं चित्रही एकदा साध्या टीव्हीवर बघायला हवं.

टीव्हीचा विषय निघालाच आहे तर आज रात्री एक काम करा. सेटिंगमध्ये 'मोशन स्मूथिंग' किंवा तत्सम नावाचं काहीतरी असेल, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, ते बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सचा असतो. टीव्ही त्या फ्रेम्सच्या मध्ये स्वतःच्या मनानं आणखी फ्रेम्स घालतो आणि सगळं गुळगुळीत, स्वस्तातल्या मालिकेसारखं दिसायला लागतं. क्रिकेट बघताना ते चालतं. चित्रपटात मारामारी खोटी दिसते, सेट सेटसारखा दिसतो. २०१८ मध्ये टॉम क्रूझनं खास व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायला सांगितलं होतं, एवढा तो त्रास आहे. 'अमुक चित्रपटाचं छायांकन नाटकी वाटलं' अशी मतं ऐकली की मी आधी घरचा टीव्ही विचारतो.

'१९१७'चं थोडक्यात. कट दिसत नाहीत, पण आहेत. लांब लांब शॉट एकमेकांना असे जोडलेत की शिवण कळू नये. उघड कट एकच, नायक सैनिक शोफील्ड जिन्यावरून कोसळतो आणि पडदा काळा होतो तेव्हा. संकलक ली स्मिथ. अशा कामात संकलकाला रोजच्या रोज चित्रीकरणाच्या बरोबरीनं निर्णय द्यावा लागतो, कारण आजचा शॉट उद्याच्या शॉटला चिकटणार असतो आणि नंतर कापून लय सुधारायची सोयच नसते. पण न दिसणारं काम बक्षिसांनाही दिसत नाही. '१९१७'ला आणि तशाच सलग दिसणाऱ्या २०१४च्या 'बर्डमॅन'ला, दोघांनाही संकलनाचं ऑस्कर नामांकनसुद्धा नव्हतं, आणि 'बर्डमॅन'नं त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नेलं होतं. खरोखर एकाच शॉटमध्ये काढलेला चित्रपट बघायचा असेल तर सोकुरोव यांचा 'रशियन आर्क' बघा, सुमारे दीड तासाचा सलग शॉट. तो मला अचाट वाटतो, आवडत मात्र नाही. त्यात डोळ्याला विश्रांती नाही.

'फ्रेंड्स'मधला हशा काढून टाकलेले व्हिडिओ मीही बघितलेत आणि त्यांनी काहीही सिद्ध होत नाही. ती मालिका समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढं चित्रित व्हायची. नट हशा ओसरेपर्यंत थांबतात. हशा पुसला तरी तो थांबा तसाच राहतो, म्हणून माणसं वेड्यासारखी एकमेकांकडे बघत उभी दिसतात. तबला काढून टाकायचा आणि मग गायक मध्येच का थांबतो म्हणून विचारायचं, तसलं हे. प्रामाणिक प्रयोग करायचा तर ते थांबेही कापायला हवेत. उलट उदाहरण युद्धातल्या लष्करी इस्पितळावरच्या 'मॅश' या विनोदी मालिकेचं. त्यात हशा बाहेरून चिकटवलेला होता, पण शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तो वापरायचा नाही हे ठरलेलं होतं. ब्रिटनमध्ये बीबीसीनं ती हशाशिवाय दाखवली. दोन्ही रूपं बघितलीत तर एकाच भागाच्या दोन जाती दिसतील, एक विनोदी आणि एक विषण्ण.

दीडपट वेगाबद्दल मी रागवावं अशी तुमची अपेक्षा असेल. बातम्या, मुलाखती, पाककृती खुशाल पळवा. आणि ज्या मालिकांत प्रत्येक धक्क्याला तीन चेहरे, प्रत्येक चेहऱ्यावर तीनदा झूम असतो, त्यांचं गुऱ्हाळ पळवलंत तर मी तुमच्या पाठीशी आहे. पण असं पळवून बघितलेल्या गोष्टीला 'भावनिक पकड नाही' म्हणू नका. बोलणं दीडपट वेगात समजतं. गप्प बसणं नाही. माझ्या त्या बापाचे चष्मा पुसण्याचे तीन सेकंद तुमच्याकडे दोनच होतात, आणि दोन सेकंदांत तो फक्त चष्मा पुसतो.

राहिले दोन शेवट. दोन्हींमध्ये पडदा काळा होतो, म्हणून एकत्र घेतो.

'द सोप्रानोज' १० जून २००७ रोजी संपली. माफियाचा म्होरक्या टोनी उपाहारगृहात बसलाय. दाराला घंटी आहे. घंटी वाजते, टोनी वर बघतो, कोण आलं ते आपल्याला त्याच्या नजरेतून दिसतं. पुन्हा घंटी, पुन्हा तो बघतो, पुन्हा आपण. ही त्रिकुटाची लय चांगली अंगात भिनवतात. बाहेर मुलगी गाडी लावायची खटपट करतेय, पुन्हा पुन्हा, जमत नाही. शेवटी ती दाराकडे धावते, घंटी वाजते, टोनी वर बघतो आणि त्याच्या नजरेतून जे दिसायला हवं तिथं काळा पडदा. आवाजही तुटलेला. दहाएक सेकंद. अनेकांना वाटलं केबल गेली. लय ध्यानात घेतली तर काळा पडदा हाच तो तिसरा शॉट आहे. टोनीला जे दिसलं ते तेच. तो मेला की नाही यावर लोक अजून वाद घालतात, घालोत बापडे. मला तो शेवट अर्धवट वाटत नाही. मला तो जरा जास्तच हुशार वाटतो, आणि पहिल्यांदा बघताना मीही रिमोट हातात घेतला होता.

चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४चा 'कोर्ट' याहून धीट आहे. न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. आरोपी लोकशाहीर तुरुंगातच. कर्मचारी दिवे मालवतात, खोली काळोखात जाते, आणि काळोख राहतो. थिएटरात लोक उठायला लागतात. मी पाहिलं तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतले दोघं तर दारापर्यंत पोचले होते. अन्याय झाला, काळोख झाला, टाळ्या. कुठल्याही चित्रपटाचा चांगला शेवट झाला असता. आपण सगळे चित्रपटाच्या पुढं जाऊन दारात उभे होतो. आणि तिथं पुन्हा उजेड होतो. न्यायाधीश मंडळींबरोबर सहलीला निघालेत. हसणं-खेळणं, गप्पा, कुणाच्या मुलाला कुठल्या खड्याचा उपयोग होईल याची चर्चा. मग बागेत बाकावर त्यांना डुलकी लागते. पोरं दबकत येतात आणि एकदम ओरडतात. ते दचकून उठतात, हाताला लागेल त्या पोराला एक ठेवून देतात.

मी टेबलावर असतो तर थपडेवर कापलं असतं. आवाज, धक्का, काळा पडदा, नावं सुरू. लोक सुन्न होऊन बाहेर पडले असते आणि दुसऱ्या दिवशी माझं कौतुक झालं असतं. ताम्हाणे आणि त्यांचे संकलक रिखव देसाई तिथं कापत नाहीत. पोरं पांगतात. न्यायाधीश तिथंच बसून राहतात, मान हळूहळू खाली जाते, डोळे मिटतात, आणि त्यांना पुन्हा झोप लागते. तेवढा वेळ ते वाट बघतात. मग काळोख.